जजमेंट असलेला शहाणा, मग जजमेंटल वाईट कसा?

घाटपायथा

'जजमेंट' हा शब्द आपण मराठीत कौतुकानेच वापरत आलोय. उंच उडालेला झेल, वाऱ्यावर हलणारा चेंडू, आणि पोरगा उलटं पळत बरोबर त्याच्या खाली येऊन थांबतो. कट्ट्यावरून आवाज येतो, 'जजमेंट बघ काय आहे!' वरंधा घाटात वळणावर समोरून ट्रक आला की एसटीचा ड्रायव्हर मान बाहेर काढतो आणि आरसा दरडीला लागू न देता गाडी मागे घेतो. तेही जजमेंट. ज्याला ते नाही त्याच्या हातात कुणी किल्ली देत नाही.

त्याला शेवटी 'ल' चिकटला की मात्र तीच गोष्ट दुर्गुण ठरते.

निमित्त ताजं आहे. घरच्या ग्रुपवर पुतण्याने नव्या बाईकचा फोटो टाकला. पावणेतीन लाखांची, हप्त्यावर. त्याच्या वडिलांचं, म्हणजे आमच्या दादाचं, गुडघ्याचं ऑपरेशन 'सध्या जमत नाही' म्हणून दिवाळीपासून लांबणीवर पडलंय. हे ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक. माझ्या बहिणीने लिहिलं, 'छान आहे रे. पण आधी दादाचा गुडघा झाला असता तर?' उत्तर आलं, 'आत्या, प्लीज, जजमेंटल नको होऊस.' खाली बाकी भावंडांचे अंगठे. बहीण गप्प. गुडघा राहिला बाजूला.

'तू कंजूष आहेस', 'तू उद्धट आहेस' असं म्हटलं तर निदान कारण द्यावं लागतं. 'जजमेंटल' म्हणणाऱ्याला ते द्यावं लागत नाही. समोरचा काय म्हणाला त्यावर बोलायचंच नाही, त्याचा बोलण्याचा हक्कच काढून घ्यायचा. आणि हे इतकं सभ्य दिसतं की ज्याचं तोंड बंद केलं तोच ओशाळतो.

'जजमेंटल म्हणणं हेही जजमेंटच की' ही कोटी कृपया कुणी करू नये, शिळी झालीय. मला खरंच विचारायचंय: हा शब्द तुम्ही कधी वापरता, आणि वापरल्यावर मूळ मुद्द्याचं उत्तर देता का?

करडई

आत्याला आयुष्यात एकदा हा शब्द ऐकावा लागला तर लगेच धागा निघाला. गंमत आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काकू आहेत. रात्री रिक्षा थांबली की गॅलरीतला दिवा लागतो. 'आज उशीर?' बस्स, दोन शब्द. सोडायला सहकारी आला असेल तर तिसरा शब्द, 'बरंय.' यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. ते 'बरंय' दुसऱ्या दिवशी जिन्यातून वर चढत चढत माझ्या आईपर्यंत पोचतं तेव्हा त्याचं काय झालेलं असतं, ते आईचा चेहरा बघून कळतं.

'नावं ठेवणं', 'नाकं मुरडणं' हे शब्द मराठीत होतेच. पण ते आम्हाला वर बघून वापरता येत नव्हते. 'काकू, नावं ठेवू नका' म्हटलं की झाला उद्धटपणा, मग आईवडिलांचे संस्कार निघणार. 'काकू, जज नका ना करू' हे हसत म्हणता येतं. म्हणते मी. काकूंनाही ते टीव्हीवर ऐकून माहीत असतं. त्याही हसतात आणि दिवा बंद करतात. उसन्या शब्दाला वयाचा मान ठेवावा लागत नाही, एवढा एकच फायदा आम्हाला मिळालाय. तोही तुम्हाला खुपतो.

घाटपायथा

काकूंचं 'आज उशीर?' आणि बहिणीचं 'आधी गुडघा' हे तुम्ही एकाच पोत्यात भरताय. काकूंचा तुमच्या वेळेशी संबंध नाही. बहिणीचा तिच्या भावाच्या गुडघ्याशी आहे. माझी तक्रार हीच आहे की हा शब्द दोघींना एकच वागणूक देतो.

करडई

पुतण्याचा पगार किती, हप्ता कोण भरतं, ऑपरेशन पैशासाठी अडलंय की दादाच घाबरून टाळतोय, हे तुमच्या बहिणीने विचारलं? फोटोखाली, चारचौघांत, एक वाक्य टाकून मोकळी. फोन करायचा होता. चारचौघांत बोलली म्हणून चारचौघांत उत्तर मिळालं.

माजी मास्तर

'निंदकाचे घर असावे शेजारी' असं आपले पूर्वज उगाच म्हणाले नाहीत. आम्ही वाड्यात वाढलो. परीक्षेत कमी मार्क पडले की घरच्यांआधी समोरच्या बिऱ्हाडातले आजोबा कान धरायचे. आम्ही त्यांना जजमेंटल म्हटलं नाही, आणि बिघडलोही नाही. हल्लीच्या मुलांना कुणी काही बोललेलं सहनच होत नाही.

करडई

मास्तर, म्हण निंदकाचं घर शेजारी असावं म्हणते. त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करा असं नाही म्हणत.

आणि वाड्यातल्या ज्या मुली त्या आजोबांमुळे गच्चीवर जायच्या बंद झाल्या, त्यांना विचारा कधीतरी. त्या इथे लिहीत नसतील.

माजी मास्तर

हे बोलणं तिरकं आहे, पण असो. माझा एक अनुभव सांगतो, मग गप्प बसतो. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. निकाल लागल्यावर एक पालक मंचाखाली येऊन म्हणाले, 'सर, मुलांच्या बाबतीत एवढं जजमेंटल कशाला व्हायचं? सगळ्यांनाच ट्रॉफी द्यायची.' अहो, मला नारळ आणि शाल कशासाठी दिली होती? सूत्रसंचालिका माइकवरून 'आजचे जज' अशीच ओळख करून देत होती!

टंगळमंगळ

मास्तर, शाल ठेवा, नारळ परत करा.

पाणवठा

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे हा शब्द रोजचा आहे, आणि तो कुठून आला ते बघितलं तर वरच्या भांडणात थोडा फरक पडेल असं वाटतं.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात फेलिक्स बीस्टेक हे नाव येतं. अमेरिकेतले जेझुइट धर्मगुरू आणि समाजकार्याचे प्राध्यापक. मदत मागायला आलेला माणूस आणि कार्यकर्ता यांच्या नात्याची सात तत्त्वं त्यांनी १९५७ च्या पुस्तकात मांडली. त्यातलं एक म्हणजे नॉनजजमेंटल वृत्ती. त्याच सुमाराला कार्ल रॉजर्स मानसोपचारात साधारण याच दिशेने बोलत होते. आपल्याकडे समाजकार्य शिकणाऱ्या प्रत्येकाने ही सात तत्त्वं परीक्षेसाठी घोकलेली असतात.

घोकताना एक अर्धं वाक्य बहुतेकांचं गळतं. बीस्टेक म्हणतात की समोरचा दोषी की निर्दोष हे ठरवणं, किंवा आपल्या संकटाला तो किती टक्के जबाबदार आहे याचा निवाडा करणं हे कार्यकर्त्याचं काम नाही. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. पुढे ते म्हणतात की त्याच्या वागण्याचं, भूमिकांचं, मापदंडांचं मूल्यमापन मात्र करावंच लागतं. म्हणजे जजमेंट गुंडाळून ठेवा असं मूळ तत्त्वातच नाही.

व्यवहारात कसं दिसतं सांगते. एक माणूस येतो. बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकून प्यायला, हे सांगायला त्याला तीन वेळा यावं लागतं. चौथ्यांदा तो बोलतो तेव्हा नजर टेबलावरच्या पेपरवेटवर असते. बोलून झालं की चटकन वर बघतो, माझ्या कपाळावर आठी आहे का ते. ती दिसली तर तो पुन्हा येत नाही. म्हणून आठी येऊ द्यायची नाही, याचं आम्ही अक्षरशः प्रशिक्षण घेतो. पण पुढचा माझा प्रश्न 'पावती कुठे आहे, सोडवायला किती लागतील' असाच असतो. 'तुझं आयुष्य, तुझी निवड' असं म्हणून मी त्याला चहा पाजत नाही.

ही एका खोलीची शिस्त आहे, दार लावून, ठरलेल्या वेळेपुरती. तीच आता घराघरात, ग्रुपवर, ऑफिसात आली आहे. आत्या काही समुपदेशक नाही. तिने कपाळावर आठी आणू नये ही अपेक्षा मला तरी जास्तीची वाटते.

करडई

पाणवठा, तुमचा प्रतिसाद आवडला, शेवटची दोन वाक्यं सोडून. खोलीत येणाऱ्याला तुम्ही मान देता, कारण तो फॉर्म भरून आलाय. घरातल्या माणसाने तीच अपेक्षा केली की जास्तीची? आमच्याकडे माणसं चौथ्यांदा बोलायला तुमच्याकडे येतात, कारण पहिल्या तीन वेळा घरी आठी बघितलेली असते.

पाणवठा

तुमचं शेवटचं वाक्य खरं आहे. तरी घरच्यांना मी आठी घालू नका असं सांगत नाही. आठी घातल्यावर जेवायला वाढा, एवढं सांगते.

वकीलपत्र

नागपूरहून. इथे कुणी अजून खऱ्या जजांचं नाव काढलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडचा मथुरा खटला आठवतो का? २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज पोलीस ठाणं. तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत. मथुरा नावाची आदिवासी अल्पवयीन मुलगी, आणि तिच्यावरच्या बलात्काराचे आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. ती खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय होती, असं निकालात आलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवून शिक्षा दिली. भीतीपोटी मान तुकवणं म्हणजे संमती नव्हे, हे तिथे स्वच्छ सांगितलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे विरोध नव्हता.

१९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर ती नव्हतीच असं कोर्टाने धरून चालायचं, ही तरतूद तेव्हाची. आणि पीडितेचं चारित्र्य वाईट आहे असं दाखवून तिच्या साक्षीवर घाव घालण्याची मुभा पुरावा कायद्यात होती ती त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिली, २००२-०३ च्या दुरुस्तीत गेली.

आता घाटपायथांना माझा प्रश्न. न्यायाधीशाला पगारच जज करण्याचा मिळतो. तरीही त्या पहिल्या निकालाला जजमेंटल म्हणाल की नाही? मी म्हणेन. त्या रात्री ठाण्यात काय झालं हे तपासायचं होतं, आणि कोर्टाने पोरगी कशी आहे ते तपासलं. मला तरी या शब्दाचा उपयोग नेमका इथे दिसतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली, बायकांबद्दलच्या ठोकळेबाज भाषेवर. निकालात 'शीलवान स्त्री' लिहू नका, नुसतं 'स्त्री' लिहा. 'करिअर करणारी स्त्री' नको, 'स्त्री' पुरे. अशी लांबलचक यादी आहे. निकाल देऊ नका असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

घाटपायथा

म्हणेन. नक्की म्हणेन. पण तुम्ही त्यासाठी तारखा दिल्या, निकालातलं काय खटकलं ते दाखवलं, खंडपीठाने काय वेगळं केलं ते सांगितलं. मी हेच मागतोय. पुतण्याने यातलं काय केलं?

वकीलपत्र

पुतण्याला वकील द्या आधी.

टंगळमंगळ

अवांतर आहे, पण राहवत नाही. २०१९ मध्ये 'मेंटल है क्या' नावाचा हिंदी सिनेमा येणार होता. मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हरकत घेतली, आणि नाव बदलून 'जजमेंटल है क्या' झालं. नव्या नावावर कुणी हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही. जजमेंटल लोकांची संघटना नाही बहुतेक.

दुसरं अवांतर. आमच्या कंपनीत मायर्स-ब्रिग्जची ती सोळा प्रकारच्या माणसांची चाचणी झाली. ज्याच्या प्रकाराच्या चार अक्षरी नावाच्या शेवटी 'जे' येतो तो 'जजिंग'. अख्खी टीम त्या बिचाऱ्याला आठवडाभर 'हा आपल्याला जज करतोय' म्हणून चिडवत होती. त्या चाचणीत 'जजिंग'चा अर्थ एवढाच की माणसाला गोष्टी आधी ठरलेल्या आवडतात, ऐनवेळी ठरवणं आवडत नाही. ज्याला तिकीट महिनाभर आधी काढून ठेवायचं असतं तो. ट्रेनरने हे दोनदा सांगितलं, पण चिडवण्यातली मजा कोण सोडणार?

भाडेकरू

वाचत होतो, लिहायचं नव्हतं. वकीलसाहेबांमुळे लिहितोय.

मागच्या वर्षी घर शोधत होतो. फोनवर मालकांशी सगळं जमलं. भाडं, डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, पार्किंग. 'मुलं सभ्य हवीत' म्हणाले, मी म्हटलं एकटाच आहे आणि सभ्य आहे, दोघं हसलो. मग म्हणाले, 'करारासाठी पूर्ण नाव सांगा.' सांगितलं. थोडं थांबून, 'घरी विचारून कळवतो.'

संध्याकाळी मित्राला सांगितलं. मित्र चांगला आहे, मनाने खरंच चांगला. तो म्हणाला, 'सोड रे. लोक जजमेंटल असतात.'

मला मालकापेक्षा या वाक्याचा राग जास्त आला. जजमेंटल म्हणजे काय, तर स्वभाव. कुणी तापट असतो, कुणी चिकट, तसा हा जजमेंटल. माझं आडनाव ऐकून घर नाकारणं हे त्या एकट्या माणसाच्या स्वभावातून आलेलं नाही. त्याच्या आजोबांनी माझ्या आजोबांना पाणी दिलं नसतं, त्याच्याशी याचा संबंध आहे. याला भेदभाव म्हणतात. जातीयता म्हणतात. हे शब्द घशात अडकतात म्हणून लोक आता हा गुळगुळीत शब्द पुढे करतात. काकूंनाही जजमेंटल, आत्यालाही जजमेंटल आणि त्यालाही जजमेंटल.

म्हणून करडई, तुम्हाला हा शब्द सोपा वाटतो ते मला कळतं. मला त्याचा सोपेपणाच नको आहे.

करडई

हे मान्य. माझ्या काकूंसाठी मी तो वापरत राहीन, कारण काकूंशी मला उद्याही बोलायचंय. तुमच्या मालकासाठी तो शब्द नाही.

घाटपायथा

भाडेकरू, माझ्या धाग्यात हे यायलाच हवं होतं. मला वाटत होतं की हा शब्द टीका करणाऱ्याला गप्प करतो. तुमच्या इथे तो गुन्हा करणाऱ्याला सोडवतोय. दोन्हीकडे काम तेच, मुद्द्याचं नाव घेऊ न देणं.

सातबारा

थांबा जरा. मी स्वतः घरमालक आहे. कर्ज काढून घेतलेला फ्लॅट, कुणाला द्यायचा ही माझी पसंती. कुणी बॅचलर घेत नाही, कुणी मांसाहारी घेत नाही, कुणी वकील आणि पोलीस घेत नाही (वकीलसाहेब, क्षमस्व). त्यात दरवेळी जात कुठून आणता? त्या माणसाने 'आडनावामुळे नाही' असं म्हटलं का? घरी विचारायचं असेल खरंच. तुम्ही त्याचं मन वाचलंत. इथे अख्खा धागा जजमेंटल होऊ नका म्हणून चाललाय आणि तुम्हीच एका अनोळखी माणसाबद्दल निकाल देऊन मोकळे.

वकीलपत्र

वकिलांना घर न देण्यामागचं कारण समजू शकतो, आम्ही करार वाचतो.

बाकी, पसंती आणि नकार यांतला फरक कारणावर ठरतो. कारण सांगता येत नसेल तर ते का सांगता येत नाही, हे मालकाने स्वतःला विचारायचं.

भाडेकरू

सातबारा, हो, मी निकाल देतोय. तुम्ही उलटतपासणी घ्या.

सकाळी भाडं ठरलं तेव्हा बॅचलर आहे हे त्यांना माहीत होतं. मांसाहाराचं त्यांनी विचारलंच नव्हतं. नोकरी, पगार सांगून झालं होतं, ऑफिसचं ओळखपत्र व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. त्यावर माझं फक्त पहिलं नाव आहे. आडनाव कळलं आणि अर्ध्या तासात मेसेज आला की फ्लॅट भाच्याला द्यायचं ठरलंय. तीच जाहिरात, त्याच फोटोंसकट, पुढे महिनाभर सुरू होती. दुसऱ्या आठवड्यात माझ्या ऑफिसातल्या एकाने, माझ्याच वयाच्या, माझ्याच पगाराच्या, अंडी-चिकन खाणाऱ्या एकट्या मुलाने त्या नंबरवर फोन केला. त्याला घर दाखवायला रविवारी बोलावलं. आडनाव त्याने फोन उचलल्या उचलल्या सांगितलं होतं.

यातल्या कुठल्या गोष्टीवर तुमची शंका आहे ते लिहा.